उपाशी पाणी

बाई, तुम्ही गेल्याचं मला फार उशिरा, वाणगावच्या बाजारात कुणीतरी सांगितलं. इतक्या वर्षांनी लिहितोय ते आमच्या टाकीबद्दल. डहाणू रोडला स्टेशनजवळ आम्हा नवरा-बायकोचं छोटं लॉज आहे. तिथे काउंटरसमोर खाऱ्या पाण्याची मोठी काचेची टाकी ठेवली आहे. मासे थोडे, जिवंत प्रवाळ जास्त. नाही, आपल्या किनाऱ्यावरून काही उचललेलं नाही. परदेशात शेती करून वाढवलेले तुकडे आहेत. त्यातला एक जांभळा अंगठ्याएवढा आला होता, त्याचं माझ्या हाताखाली चांगलं झुडूप झालं.

शेवाळ फार व्हायला लागलं म्हणून गेल्या वर्षी झिओलाइट सुरू केलं. हे सच्छिद्र दगड एका नळकांड्यात भरायचे आणि टाकीचं पाणी त्यातून फिरवायचं. पाण्यातला अमोनिया ते ओढून घेतात. सोबत बाटलीतले जिवाणू आणि त्यांचं खाद्य थेंबाथेंबाने घालायचं, म्हणजे उरलंसुरलं ते फस्त करतात. थोड्याच दिवसांत पाणी असं झालं की टाकीत पाणी आहे हेच कळेना. रंग उजळले. पाहुणे चावी घ्यायचं विसरून बघत उभे राहायचे. मला हाव सुटली. दगड वाढवले, थेंब वाढवले, माशांचं खाणं कमी केलं.

एका सकाळी लादी पुसता पुसता बायको म्हणाली, "अहो, इकडे या. हा जांभळा खालून सोलला जातोय." वाकून पाहिलं तर बुडाशी पांढरा सांगाडा उघडा पडलेला. "पाणी तर एकदम स्वच्छ आहे," मी म्हणालो. "मग मरतोय कशाने?" तिने विचारलं.

तेव्हा तुम्ही आठवलात. ओहोटीला आमचा वर्ग घेऊन तुम्ही खडकांत उतरला आहात, पदर खोचलेला. मी नाक मुरडून म्हणतो, "बाई, कॅलेंडरवर समुद्र निळा असतो, आपलाच का असा घाण?" तुम्ही ओंजळभर गढूळ पाणी माझ्या तोंडासमोर धरता. "घाण नाही रे गाढवा, जेवण आहे हे! तुझं ते निळं पाणी उपाशी असतं." सगळा वर्ग हसतो. मी कितीतरी दिवस तुमच्याशी धड बोलत नाही.

मी थेंब बंद केले, दगड हळूहळू कमी केले, माशांना पुन्हा पोटभर घालू लागलो. जांभळा वाचला नाही. त्याला बाहेर काढताना बायको आत निघून गेली. बाकीचे बरेचसे तगले, पण तपकिरी पडले. काचेवर शेवाळ येतं, मी खरवडतो. पाहुणे आता चावी घेऊन सरळ वर जातात.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? तुमचं म्हणणं खरं होतं, मला पटलंय. पण बाई, ते सगळं मरायला लागण्याआधीचे जे थोडे दिवस होते, त्यांच्याइतकं सुंदर मी काहीच पाहिलेलं नाही. दगडांचा डबा अजून मी फेकलेला नाही.