माझ्या खोलीतली वायर बुजवू देऊ नकोस

सूनबाई,

पीओपीवाला दुपारी छत बंद करायला येईल. त्याआधी माझ्याही खोलीत स्पीकर बसव. हो, मीच नको म्हणत होते. "आई, वायर आत्ताच टाकायची असते, नंतर छत फोडावं लागेल," असं तू परोपरीनं सांगितलंस, आणि मी आपली "म्हातारीला कशाला ही चैन" म्हणून हटून बसले.

तुझ्या सासऱ्यांनी एकदा रेडिओला जादा स्पीकर जोडून वायर खिळ्यांवरून स्वयंपाकघरात आणली होती. मिक्सर लावला की गाण्याऐवजी घरघर ऐकू यायची, आणि हे मिक्सरला शिव्या घालायचे! तू मात्र स्पीकरची वायर विजेच्या वायरपासून हातभर लांब नेलीस. काल बैठकीत गाणं लावलंस तेव्हा वाटलं, हे असते तर तुझी शिडी धरून उभे राहिले असते.

आज सकाळी पडल्या पडल्या वर पाहिलं. मी नको म्हटलेलं असूनही तू माझ्या छतातून वायरचं भेंडोळं सोडून ठेवलंयस, तेही बरोबर डाव्या कानाच्या बाजूला. उजव्यानं मला ऐकू येत नाही, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तू ओळखलंस, आणि चारचौघांत चकार शब्द काढला नाहीस. धन्य आहेस बाई.

मी कानाच्या डॉक्टरांकडे चाललेय. तुझ्या नवऱ्याला मीच सांगेन.

आणि आवाज मोठा ठेव. आता लपवायचं काय राहिलंय?

आई