एककान्याचा दम

३ सप्टेंबर, मंगळवार

त्या पोराचा, उचकीचा, फोन आला होता. अर्थात हिला. मला करून काय उपयोग — गळ्याला भोक पडलेल्या माणसाने फोनवर नुसतं फुसफुसायचं!

समुद्री चाच्यांच्या सिनेमाचा पाचवा भाग आलाय. एककान्या कप्तानाला आपल्या भाषेत आवाज पुन्हा उचकीचाच. "पण काकांनी शेजारी बसून चुका दाखवल्या तरच करीन म्हणतोय," ही म्हणाली. येत्या सोमवारपासून, सकाळी दहा वाजता.

पाटीवर लिहिलं: नाही. दोनदा अधोरेखित केलं.

"मग निदान त्याचा चौथा भाग एकदा पुरता बघा. शिव्या द्यायच्याच तर बघून द्या."

पाटी पुसावी लागते. म्हणून ही वही.

४ सप्टेंबर, बुधवार

पहिल्या तीन भागांतला एककान्या मी. पोरं रस्त्यात अडवून म्हणायची, एकदा हसून दाखवा ना. अजूनही लोक भेटतात आणि हळहळतात — काय आवाज होता हो तुमचा! मेल्या म्हशीला मणभर दूध.

चौथ्याचीही तयारी झाली होती. माझी पद्धत ठरलेली. स्क्रिप्ट घरी मोठ्याने वाचायची, जिथे श्वास लागेल तिथे शिसपेन्सिलीने बारीक उभी रेघ मारायची. स्टुडिओत मग डोळे पडद्यावर, विचार करायचा नाही. दोन महिने रोज हिच्यासमोर बसून वाचली. शेवटचं पान झालं आणि पुढच्याच आठवड्यात डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं. हॉस्पिटलमधून हिला चिठ्ठी दिली, टेबलावरचं सगळं, स्क्रिप्टसुद्धा, फेकून दे. गेलं कचऱ्यात.

विसाव्या दिवशी माझ्या माइकसमोर उचकी उभा! पहिल्यांदा स्टुडिओत आला तेव्हा भीतीने उचक्या लागल्या होत्या, म्हणून हे नाव. मीच पाणी पाजलं. पाय किती अंतरावर ठेवायचे इथपासून मीच शिकवलं. गुरूची विद्या गुरूला.

थिएटरात दाखवला तेव्हा मी मध्यंतरालाच उठून आलो होतो. लोकांना वाटलं, बरं नाही.

ठीक आहे. बघतो. चुकांची यादीच करून पाठवतो. चांगली लांबलचक.

५ सप्टेंबर, गुरुवार

दुपारी टीव्हीपुढे बसलो. मांडीवर कागद, हातात रिमोट.

गोष्ट आहे ती अशी. एककान्याचं जहाज त्याचाच सुकाणूवाला बळकावतो आणि कप्तानाला स्वतःच्याच जहाजावर कांदे सोलायला बसवतो. मला हसू आलं. हसू म्हणजे खांदे हलले.

खोटं कशाला लिहू — पहिली वीस मिनिटं पोराने बरी काढली आहेत. ओठ जुळतात, तोंडातली मिजास जुळते. एके ठिकाणी तर मला मीच बोलतोय असं वाटलं. हिला सांगितलं नाही.

नंतर मात्र गडी ढेपाळत जातो. वाक्याच्या मध्येच श्वास. नको तिथे श्वास. अर्ध्या सिनेमात अठरा चुका झाल्या.

६ सप्टेंबर, शुक्रवार

उरलेला भाग संपवला. शेवटी एककान्या डोलकाठीवर चढतो आणि वरून त्या सुकाणूवाल्याला सुनावतो. सगळा सिनेमा या एका वाक्यासाठी आहे — "जहाज घेतलंस, सुकाणू घेतलंस, माझी खुर्चीसुद्धा उबवलीस, पण या शिडात वारा भरतो तो अजून माझी हाक ऐकून!"

एका दमात जायला हवं. आमच्या उचकीने पाच वेळा श्वास घेतलाय! "शिडात" म्हणून थांबतो, मग "वारा". जिना चढून आलेला म्हातारा बोलतोय जसा. तिशीतला पोरगा, छाती बैलासारखी, आणि हा दम! सात वेळा मागे नेऊन ऐकलं. प्रत्येक वेळी जास्त राग आला. आणि राग आला की बरं वाटतं, हेही लिहून ठेवतो.

एकूण चुका एकेचाळीस. त्यातल्या एकतीस श्वासाच्या. खाली मोठ्या अक्षरात लिहिलं: "ज्याला श्वास कळत नाही त्याने माइकपुढे उभं राहू नये." हिच्याच हाती पाठवलं.

८ सप्टेंबर, रविवार

आज तो स्वतः आला. खुर्चीच्या कडेवर बसला. यादी घडी घालून खिशात.

पाटीवर लिहिलं: छातीत हवा नाही का?

"आहे, काका."

मग मध्येच का थांबतोस?

त्याने हिच्याकडे बघितलं. हिने मान फिरवली. "तिथे थांबायचं होतं, म्हणून थांबलो," एवढंच म्हणाला. चहा अर्धा टाकून उठला. दारातून विचारलं, "उद्या साडेनऊला गाडी पाठवू?"

मी पाटी पुसली.

बाण बरोबर बसला. संध्याकाळभर स्वयंपाकघरात भांड्यांची आदळआपट चालली होती. चालू दे.

९ सप्टेंबर, सोमवार

सकाळी चहाच्या कपाशेजारी हिने चौथ्या भागाची स्क्रिप्ट आणून ठेवली. फेकली नव्हती. उचकीला दिली होती, काम झाल्यावर त्याने कव्हर घालून परत आणून दिली होती.

रेघा माझ्या. पहिल्या पानांवर विरळ. पुढे दाट होत गेलेल्या. डोलकाठीच्या त्या वाक्यात पाच. "शिडात" नंतर एक, "वारा" नंतर एक.

"त्याने तेव्हाच विचारलं होतं, काका इथे इतक्यांदा का थांबलेत म्हणून," ही म्हणाली. "मी म्हटलं, त्यांनी काहीतरी विचार करूनच केलं असेल. दोन महिने माझ्यासमोर वाचत होतात हो. दम तुटत चालला होता, मला नाही ऐकू आलं."

मलाही नाही.

त्याने एकही रेघ चुकवलेली नाही.

सव्वानऊ झालेत. गाडी मागवायला सांगितली आहे. तो एकेचाळीस चुकांचा कागद परत मागून घ्यायचाय.