शाळेतली मरेंड्याची भाजी

प्रिय नासांबू,

तू गेल्यापासून या घरातून तुला हे पहिलंच पत्र. उघडण्याआधी वास घेऊन बघशील, सासूनं यात काय घातलंय म्हणून. घे बापडे. मीही तेच केलं असतं.

नालियाका बरी आहे असं लिहायला हवं, पण ती बरी नव्हती. माझा लेक वाफुला वारला, तू माहेरी गेलीस, आणि पोरीचं अन्नावरून मनच उडालं. मक्याच्या उगालीचा गोळा बोटांत फिरवत बसायची, पाल्याच्या भाजीकडे ढुंकूनही बघायची नाही. हाडं मोजून घ्यावीत अशी झाली. वर भावकीचा निवाडा, की तू दिराची बायको होऊन त्याच्या घरात बसायला कबूल होईपर्यंत लेकीची भेट नाही. तू होणार नाहीस हे मला तेव्हाच ठाऊक होतं. मकोखाच्या घरात कुठली शहाणी बाई बसेल? आणि तो माझ्याच पोटचा आहे.

अशात शाळेनं नवीन काढलं. दूरच्या बाजारातला कोबी बंद, दुपारी आपल्याच शिवारातला मरेंडा. तो बुळबुळीत पाला बघून निम्मी पोरं "हे गुरांचं खाणं!" म्हणत पळाली. आणि आठवडाभरात खाएंबा मास्तर मला वाटेत म्हणतात, "आजी, तुमची नात भाजी दोनदा मागून घेते हो!"

झालं, माझ्या डोक्यात किडा वळवळला. माझ्या हातचं न खाणारी पोर तिथं ताट चाटते? छडीचा धाक असेल. शाळा बघायला येणाऱ्या पाहुण्यांना दाखवायला कढईत काहीबाही ओतत असतील. शेवटी मीच जाऊन धडकले. फोईबे स्वयंपाकीण दारातच आडवी उभी. "काय घालतेस गं यात?" "मीठ." "मीठ मीपण घालते, मला शिकवू नकोस." "मग घरी जाऊन खा की, म्हातारे!" असं बोलली, पण तिची नजर पुन्हा पुन्हा कोपऱ्यातल्या मडक्याकडे जात होती. मी पळीभर भाजी काढून तोंडात टाकली.

नासांबू, मरेंडा शिजवायला आपल्या टेकडीवर सगळ्या बायका घेवड्याच्या टरफलांच्या राखेचं पाणी घालतात. केळीच्या सालांची राख तेवढी तुझ्या माहेरची. ते पाणी जरा उग्र, मागाहून गोडसर लागणारं. त्यावरून तू आणि मी किती भांडलो! त्या पळीत तीच चव होती; इतकी वर्षं नावं ठेवलेली चव मी विसरेन होय?

तरी माझा स्वतःच्या जिभेवर विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी सकाळीच शाळेतल्या पेरूच्या झाडाआड जाऊन उभी राहिले. तू आलीस. डोक्यावर पाल्याची टोपली, रुमाल भुवयांपर्यंत ओढलेला. चुलीपुढे बसलीस, भाजी केलीस, आणि पोरं रांगेत लागली तशी भिंतीमागे गेलीस. नालियाकाचं ताट भरेपर्यंत फटीतून बघत होतीस. मग खाली मान घालून निघून गेलीस. मला हाक मारता आली नाही. झाडाआडूनच घरी परतले.

पोरीला हे ठाऊक आहे की नाही? मला तिचाही संशय आहे. विचारलं तर नुसती ओठ चाटते, लबाड.

पत्र लिहायचं कारण असं, की येत्या शुक्रवारी शाळा महिनाभर बंद होतेय. मग तू कुठल्या भिंतीमागून तिला जेवू घालणार? इथं ये. मकोखा काय बोलेल, भावकी काय म्हणेल, ते माझ्याकडे लागलं. चूल माझी आहे, तिच्यापुढे कोणी बसायचं हे मी ठरवीन. फक्त दिवसाउजेडी ये, पुढच्या वाटेनं, आणि तो रुमाल मागे सारून ये, म्हणजे लेकीला तुझं तोंड दिसेल.

अजूनही तुझीच सासू,
रिस्पा