आधी कुणाला सांगायचं

भोर,
मंगळवार

प्रिय नूतन,

फोनवर तू मला मधेच तोडतेस आणि माझं मुद्द्याचं राहून जातं, म्हणून लिहायला बसलेय. दोनदा उठले, चहा टाकला, तो निवून गेला, पुन्हा बसले. महिनाभर असंच चाललंय. एका जागी बसवत नाही.

मला दिवस गेलेत. वाचून तुला आनंद होईल आणि लगेच तू घाबरशील, कारण गेल्या वेळी दवाखान्यात तूच माझ्याजवळ होतीस. तेव्हा किती लवकर सांगितलं होतं आम्ही. सासूबाईंनी गल्लीभर पेढे वाटले, आणि पुढे त्याच घरांतल्या बायका विचारायच्या, काय गं नुजहत, कितवा? प्रत्येकीला नव्यानं सांगावं लागायचं, की आता काही नाही. म्हणून या वेळी मतीनशिवाय कुणाला कळू द्यायचं नाही असं ठरवलं होतं.

पण आपलं काम पडलं एक्स-रेचं. तूही ते केलंयस. शिशाच्या आडोशामागे उभं राहिलं की भीती नसते, पण रडणारं पोर आलं, न उभा राहणारा पेशंट आला, की धरायचं कुणी? आमच्या दवाखान्याच्या डॉक्टरांना सांगितलं तर ते मशीनवरून काढणार. आणि नेमकी तेव्हाच कापूरहोळची जागा चालून आली. हायवेलगत नवं सेंटर निघतंय, मतीनच्या गॅरेजपासून हाकेच्या अंतरावर. ठरलेल्या वेळा, नवं कोरं मशीन. तिथल्या सुलक्षणा मॅडमनी मुलाखत घेतली आणि एक तारखेपासून या म्हणाल्या. मी सारखी पोटावरची ओढणी नीट करत होते, दिसण्यासारखं काहीच नसताना. येताना वाटलं, जिथं आहे त्यांनाही फसवतेय आणि जिथं जाणार त्यांनाही. मतीन एकदा म्हणायचा, रुजू हो, मग सांग. दुसऱ्या दिवशी तोच म्हणायचा, सांगून मोकळी हो. त्याचंही काही ठरत नव्हतं.

गेल्या आठवड्यात हिर्डोशीकडचे सोनबा म्हणून एक आजोबा आले. बांधावरून पडून खुबा दुखावलेला. कुशीवर धरल्याशिवाय फोटो निघेना. बरोबर त्यांचा मुलगा धनाजी होता. त्याला शिशाचा एप्रन देऊन म्हटलं, तुम्ही धरा. तो बिचकला. "म्याडम, तुमीच धरा की. तुमाला सवय हाय." आजोबा कण्हत होते. मी पुढे झाले, त्यांच्या खांद्याला हात लावला आणि तिथंच थांबले. "मला नाही धरता येणार. मला दिवस गेलेत," असं बोलून गेले. नूतन, सख्ख्या आईला नाही, सासूला नाही, आणि पहिल्यांदा सांगितलं ते या परक्या माणसांना. आजोबांचं कण्हणं थांबलं. म्हणाले, "मग हितं कशापायी उभी ऱ्हायलीस पोरी? जा तिकडं. धन्या, धर मला." धनाजीनं एप्रन चढवला आणि धरलं.

दारात आमची मंगल सिस्टर उभी होती. तिच्या तोंडून जाण्याआधी आपणच सांगावं म्हणून मी तशीच डॉक्टरांकडे गेले. ते रागावले, पण मी इतके दिवस गप्प राहिले म्हणून. दुसऱ्या दिवसापासून मला केसपेपरच्या खिडकीवर बसवलंय आणि मशीनवर तात्पुरता माणूस आणलाय. बाळंतपणानंतर जागा तुझीच, असं म्हणालेत. त्यावर विश्वास ठेवते, आणि तासाभरानं पुन्हा शंका येते.

सुलक्षणा मॅडमनाही त्याच संध्याकाळी फोन केला. त्यांनी अभिनंदन केलं, तब्येतीची चौकशी केली. मग म्हणाल्या, "मला पहिल्या दिवसापासून मशीनवर माणूस लागणार, नुजहत. मी थांबू शकत नाही." वाकडं बोलल्या असत्या तर निदान भांडता तरी आलं असतं.

आता मुद्द्याचं. फोन ठेवण्याआधी मी त्यांना तुझं नाव आणि नंबर दिला. तुला न विचारता. तू पोटुशी आहेस कळल्यावर पुण्यातल्या तुझ्या सेंटरवाल्यांनी "आता घरीच थांबा" म्हणून सांगितलं, तेव्हापासून तू मशीनचं नाव काढत नाहीस, हे ठाऊक असूनही दिला. चिमी आता दोन वर्षांची झालीय, तुझी आई शेजारीच आहे. वेल्ह्याहून सकाळची एसटी नसरापूरपर्यंत येते, पुढं वडापची जीप मिळते. मॅडम पुढच्या आठवड्यात फोन करतील. त्याआधी तुला मिळावं म्हणून हे पत्र मतीनच्या ओळखीच्या टेम्पोवाल्याबरोबर पाठवतेय. चिमीचं त्यांना पहिल्याच वाक्यात सांग. मी लपवून बघितलं, त्यात जीव नुसता टांगणीला लागतो. तू त्या खुर्चीवर बसलीस की माझा जळफळाट होईल, हेही आताच सांगून ठेवते. तरी जा. आणि नकोच म्हणायचं असेल तर त्यांना म्हण, मला म्हणू नकोस.

तुझीच,
खिडकीवर बसलेली
नुजहत