वर्कशॉप सूनबाईच्या नावे

मी, खाली सही करणारा, वादकांसाठी फूट कंट्रोलर, म्हणजे पायाने दाबायच्या बटणांच्या पेट्या, बनवणारा कारागीर, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हातांबद्दल त्यात काही लिहिलेले नाही.

१. राहते घर पत्नीच्या हयातीत तिचे, नंतर मुलाचे. बँकेतली शिल्लक पत्नीची. ती तशीही तिचीच होती, मी फक्त भरत होतो.

२. वर्कशॉपची जागा, सोल्डरिंगचे टेबल, सगळी हत्यारे आणि पाटीवरचे नाव सूनबाईला द्यावे. मुलाने जागा विकण्याचा विषय काढू नये. कारण पुढे दिले आहे. ते लिहिताना मेल्याहून मेल्यासारखे होत आहे.

३. थोरल्या भावाने माझ्या पेट्यांना जन्मभर 'पायपुसणी' म्हटले. त्याला दारातले पायपुसणे द्यावे. नवे आणू नये.

४. गिटारवाल्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात, म्हणून तो आवाज पायाने बदलतो. बटण कुठे हवे हे त्याला विचारायचे, पण ऐकायचे नाही. डोळे मिटून वाजवायला लावायचे आणि पाय पडेल तिथे खडूने खूण करायची. एवढे मी सूनबाईला शिकवले. बाकीचे तिचे तिने मिळवले.

५. दोन वर्षांपासून माझा हात कापतो. तरी पेटीतल्या तारांना सोल्डरचे टाके मीच घालत होतो, आणि दुसऱ्या दिवशी पेटी उघडली की प्रत्येक टाका गोल, चकचकीत! मी सूनबाईला हाक मारायचो.

"बघ, अजून हात आहे म्हाताऱ्याचा!"

"आहेच ना, बाबा."

एका दुपारी चष्मा विसरला म्हणून परत आलो. माझी पेटी उघडी टाकून ती माझा एकेक टाका वितळवून काढत होती आणि नव्याने घालत होती. मी चष्मा न घेताच दारातून मागे फिरलो. इतके दिवस तिचेच काम तिलाच दाखवून मिरवत होतो! आणि खरी लाज पुढेच आहे. हे कळल्यावरही, काल मी पुन्हा तिला हाक मारली. तीही पुन्हा तेच म्हणाली. तिच्या तोंडावर कबूल करण्याची हिंमत माझ्यात नाही.

६. वकील ही सही माझ्या पेट्यांवरच्या सहीशी ताडून बघतील. प्रत्येक पेटीच्या तळाला मी सही करतो. परवा एक पेटी उलटी करून पाहिली, तर सही ठसठशीत, सरळ, माझ्या पन्नाशीतली. माझी पुसून तिने ती पुन्हा केली आहे. तेव्हा ती जुळणार नाही. खालची वेडीवाकडी आहे, तीच माझी समजावी.

साक्षीदारांसमोर सही केली. शिंप्याने कागद धरला, हात धरला नाही.

साक्षीदार: १. शेजारचा शिंपी २. कीबोर्डवाल्या बाई
स्थळ: वर्कशॉप, सूनबाई जेवायला गेली असताना
दिनांक: ९ ऑक्टोबर
सही: फूट कंट्रोलरवाला