चार फुटांची भिंत

सॅस्काटून, ४ एप्रिल

प्रिय डॅनिलो,

हे मला फोनवर बोलवणार नाही, म्हणून लिहिते. पुढच्या गुरुवारी विश्वस्तांची बैठक आहे. आमच्या मानसोपचारगृहात मुलांच्या राहायच्या अकरा खोल्या आहेत आणि प्रत्येकीत मी आखलेला एक कोपरा: खिडकीपाशी बाक, आडोशाला चार फुटांची भिंत. ते सगळे कोपरे पाडायचे का, यावर माझं मत मागितलंय.

पंधराव्या वर्षी तू सात आठवडे जिथे होतास ती खोली मी विसरलेले नाही. दाराऐवजी पडदा, जमिनीला ठोकलेला पलंग, कधी न विझणारा दिवा. घरी येताना गाडीत तू एवढंच म्हणालास, "मला फक्त कुणी बघणार नाही असा कोपरा हवा होता." त्या वाक्यावर मी वीस वर्षं सभा गाजवल्या. ही मुलं आजारी आहेत, कैदी नाहीत! ज्याला चोवीस तास न्याहाळलं जातं, तो बरा कसा होईल? हे मी आजही म्हणेन.

कोपरे बांधण्याआधी, हंगाम संपून रिकाम्या झालेल्या कर्लिंगच्या, त्या बर्फावरच्या खेळाच्या, हॉलमध्ये आम्ही प्लायवूडची, खऱ्या मापाची खोली उभारली. थोरली नर्स व्हर्ना कुरकुरली, "बाई, कोपरा झकास आहे हो, पण पहाऱ्याला तुम्ही येणार का?" मी म्हटलं, "अगं, बसून तर बघ!" ती बसली, मी बसले, कंत्राटदार बसला. दाराच्या काचेतून प्रत्येकाचं डोकं दिसलं. व्हर्ना हसली, "बरं बाई, हरले मी."

मार्चमध्ये आमच्याकडच्या कीलीने त्या कोपऱ्यात जीव दिला. चौदा वर्षांची. दर पंधरा मिनिटांनी काचेतून बघायचा नियम व्हर्नाने पाळला होता. दोनदा खोली रिकामी दिसली. पोर जेवायला गेली असेल, असं तिने धरलं. कीली बाकावरच होती, पाय पोटाशी घेऊन. आम्ही खुर्चीत बसल्यासारखे ताठ बसलो होतो रे. गुडघ्यांत डोकं घालून कुणीच बसलं नव्हतं.

व्हर्नाने राजीनामा दिला. मला कुणी जाब विचारला नाही.

तू तसाच बसायचास. मला ठाऊक होतं. तुझं वाक्य मी गावोगाव नेलं, पण तुला कधी विचारलं नाही, म्हणून आज विचारते. त्या कोपऱ्यात तुला रडायचं होतं, की कीलीने केलं ते करायचं होतं? मला सांभाळून घेऊ नकोस, खरं सांग. दहा मुलं अजून त्या खोल्यांत राहताहेत. पत्र मिळताच फोन कर. तू सांगशील ते ऐकल्याशिवाय मी गुरुवारी तोंड उघडणार नाही.

तुझीच,
आई