आईची नक्कल

मजेंगो, सोंगेया

प्रिय बेनिग्ना,

तुझं पाकीट पोचलं. इरिंग्याहून येणाऱ्या बसच्या कंडक्टरने ते माझ्या हातात देण्याआधी उलटसुलट करून पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, की हेहेंच्या पोरीने न्गोनीला एवढं जाड काय पाठवलंय, कुत्र्याचं सुकं मटण तर नाही ना. स्टँडवरचे सगळे हसले, मीही हसलो. हसावंच लागतं. आपल्या दोन्ही जमातींच्या पणजोबांनी एकमेकांची गुरं पळवली, डोकी फोडली, आणि दमल्यावर ही थट्टेची सोयरीक ठरवली: हेहेने न्गोनीला काहीही बोलावं, न्गोनीने हेहेला, राग धरायचा नाही. त्यांना सोपं होतं. त्यांना फक्त गुरांचा राग गिळायचा होता.

नैरोबीच्या नर्सिंग कॉलेजसाठी तू स्वतःबद्दल इंग्रजीत लिहिलेलं निवेदन मी आधी नुसतं वाचलं, मग डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचलं. मी शाळा माध्यमिकच्या दुसऱ्या फॉर्मनंतर सोडली हे तुला माहीत आहे, तरी तू माझ्याकडे पाठवलंस. मी रंगवलेल्या दुकानाच्या पाटीवर चुकलेलं अक्षर अख्खं गाव वर्षानुवर्षं वाचतं, त्या धाकाने माझं स्पेलिंग पक्कं झालंय एवढंच. तुझ्या चुका थोड्या आहेत. पेन्सिलीने हलक्या हाताने दाखवल्यात, पटल्या नाहीत तर खोडता येतील. सोबतच्या चिठ्ठीत तू लिहितेस, की मामाबद्दलचा (माझ्या आईला तूही माझ्यासारखी मामाच म्हणायचीस) मजकूर मला नको असेल तर सरळ काट मारावी, तू दुसरं काही लिहिशील, पण कागद शुक्रवारच्या बसने परत यायलाच हवेत, कारण मुदत संपत आलीय. ती चिठ्ठी मी रंगांच्या डब्यांमागे ठेवली आहे. दिसली की मी ब्रश खाली ठेवतो, आणि मला एका गवंड्याच्या दुकानाची पाटी आजच पुरी करायची आहे.

समासात हिरव्या शाईची अक्षरं आहेत. ती तुझी नाहीत. डिट्रिक म्हावीले मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सुट्टीवर आलाय, त्याच्या आईचं घर तुमच्या मागच्याच वाडीत आहे, आणि त्याने 'खूप मदत केली', हे सगळं तू एका दमात लिहिलंयस. खरं सांगतो, त्याच्या सूचना पोकळ निघाव्यात अशी माझी इच्छा होती. मी तेवढ्यासाठीच बारकाईने वाचलं. पण तू सुरुवातीला 'लहानपणापासून माझं स्वप्न होतं' असं लिहिलं होतंस, त्यावर त्याने रेघ मारून लिहिलंय: 'हे कोणीही लिहील. तू एकटीनेच पाहिलंयस ते लिही.' बरोबर आहे त्याचं. चुकीचं असतं तर मला जेवण गेलं असतं.

आणि तू एकटीने पाहिलेलं म्हणजे काय, तर माझी आई. वॉर्डातले तिचे शेवटचे आठवडे, जेव्हा मी पाट्या रंगवायला जायचो आणि तू शाळेतून थेट तिच्या खाटेशी जाऊन बसायचीस. ती तुला पाहताच शेजारणीला सांगायची, कुत्री लपवा, हेहे आली. तू म्हणायचीस, उंदरांची भाजी खाणाऱ्या म्हातारीने बोलू नये. औषधापेक्षा तिला त्यानेच धाप कमी लागायची. मग तिच्या अंत्यविधीला तू आलीस, थट्टेच्या सोयऱ्यांनी गेलेल्याची नक्कल करून घरच्यांना हसवायला यायचं तशी. रडणाऱ्या बायकांमध्ये तिचा पिवळ्या काठाचा कांगा कमरेला गुंडाळून उभी राहिलीस आणि तिची नक्कल केलीस. बाजारात सुकी मासळी चाखून थुंकणं, दारातून मला हाक मारणं, चालताना भिंतीला हात लावणं. तू लिहिलंयस, की नक्कल करायची तर माणूस नीट पाहावा लागतो, आणि आजाऱ्याला नीट पाहणं तू त्या खाटेशी शिकलीस. फार चांगलं लिहिलंयस. पण मामा कशी चालायची हे डिट्रिकने माझ्याआधी वाचलं. त्याने तिला कधी पाहिलेलंसुद्धा नाही. त्या परिच्छेदात मी एकदाच येतो, तोही नावाशिवाय: 'सगळे हसले, फक्त तिचा मुलगा उठून बाहेर गेला.' त्यापुढे हिरवी शाई म्हणते, 'उत्तम. इथेच संपव.'

तू इरिंग्याला निघालीस तेव्हा स्टँडवर मी म्हणालो होतो, "जाऊ नकोस. माझ्याशी लग्न कर." आठवतं? तू बसच्या खिडकीतून ओरडलीस, "आधी गायी मोजून आण, उंदीरखाऊ." बस हसली, हमाल हसले, शेंगा विकणारी म्हातारी तर खाली बसून हसली. न्गोनीने हेहेला मागणी घातली तर ती थट्टाच असणार. मी घरी येऊन हातपाय धुतले आणि ब्रश साफ करत बसलो. डिट्रिक तुमच्यातलाच, हेहे. तुमच्यात थट्टेचं नातं नाही. त्याने मागच्या वाडीतून साधं 'कशी आहेस' विचारलं तरी ते खरं धरावं लागेल. मला याचाच हेवा वाटतो. त्याच्या मेडिकल कॉलेजचाही वाटतो, हिरव्या शाईचाही, पण याचा सगळ्यात जास्त.

म्हणून पेन्सिल ठेवून मी ब्रश उचलला होता. काळा रंग उघडाच होता. मामाचा परिच्छेद खोडला असता तर कोणी मला दोष दिला नसता, तूच परवानगी दिली होतीस. उरलेल्या मजकुरावर नैरोबीवाले तुला घेणार नाहीत, हे मलाही कळतं. तू सोंगेयात परत आली असतीस, निदान जिल्हा रुग्णालयात साफसफाईच्या कामाला. मी ते चित्र बराच वेळ पाहिलं. त्यात तू एकदाही कोणाची नक्कल करत नव्हतीस.

मी काहीच खोडलेलं नाही. पण एक चूक आहे जी डिट्रिकला सापडणार नाही, आणि तेवढ्यासाठीच हे पत्र. अंत्यविधीच्या दिवशी नक्कल संपवताना तू चटईवर आडवी झालीस, डोळे मिटलेस, मग एकच डोळा उघडून कुजबुजलीस, "गेली का ती?" बायकांना ते कळलं नाही, त्या उगाच हसल्या. कडू औषध घेऊन नर्स आली की मामा झोपेचं सोंग घ्यायची आणि असंच विचारायची, हे फक्त आपल्या दोघांना माहीत होतं. मी उठून बाहेर गेलो ते रडायला नाही. स्वयंपाकघरामागे मक्याच्या पोत्यात तोंड खुपसून मी उचकी लागेपर्यंत हसलो, आणि त्यानंतर कुठे मला रडता आलं. ती गेल्यापासून तोवर रडूच फुटलं नव्हतं. ते तू केलंस, बेनिग्ना. नर्स याहून वेगळं काय करते मला माहीत नाही. शेवटचं वाक्य बदल, हे लिही, ते तुला घेतील. नक्कल करणारीकडून मामाचा कांगा सोडवायला रिवाजाप्रमाणे मी कोंबडा द्यायला हवा होता. दिला नाही, देणारही नाही. नैरोबीत थंडी असते म्हणतात, कांगा सोबत ने. फक्त हे एक वाक्य तुझ्या स्वतःच्या शाईने लिही, आणि पाकीट बंद होईपर्यंत मागच्या वाडीत दाखवू नकोस. हे मी थट्टेत म्हणत नाही.

तुझाच, कधीही न रागावलेला सोयरा,
ओडिलो कोंबा